रात्रपाळीला कोण असेल, तिथून सुरुवात करा

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे मूळचे बडोद्याच्या दांडिया बाजारातले, सध्या नोकरीनिमित्त नेदरलँड्समध्ये. पादरा रोडला वडिलोपार्जित जमीन आहे. नेदरलँड्समधल्या एका धर्मादाय संस्थेतले मानसोपचारतज्ज्ञ आणि काही देणगीदार मदतीला तयार आहेत. घरातली हिंसा, लैंगिक अत्याचार, डोळ्यांदेखत झालेला मृत्यू असं काही सोसलेल्या ४० मुलांसाठी, राहून उपचार मिळतील असं केंद्र बडोद्यात काढायचं आहे. आधी इमारत उभी करावी, आधी परवानग्या घ्याव्यात, की आधी तिकडच्या तज्ज्ञांना इकडे आणावं, असं त्यांनी विचारलं आहे.

मी २२ वर्षं बडोद्यात मुलांच्या निवासी संस्थांमध्ये काम करते आहे. सयाजीराव विद्यापीठात समाजकार्य शिकले, पहिली दोन वर्षं एका बालगृहात गृहमातेबरोबर पाळ्या केल्या, आणि आता अशा घरांतल्या कर्मचाऱ्यांना मार्गदर्शन करते. तुमची तळमळ खरी आहे हे प्रश्नावरूनच कळतं, म्हणून हातचं न राखता लिहिते. तुम्ही विचारलेल्या तिन्ही गोष्टींच्या आधी एक गोष्ट येते. रात्री दोन वाजता मूल किंचाळून उठलं तर त्याच्याजवळ कोण जाणार आहे? आणि तीच व्यक्ती पुढच्या वर्षी याच महिन्यात तिथे असेल का? याचं उत्तर हातात नसेल तर इमारत, परवानगी आणि तज्ज्ञ तिन्ही असूनही मुलांच्या हाती फारसं काही लागत नाही. हे मी होताना पाहिलं आहे.

एक नऊ वर्षांचा मुलगा होता. ओळख पटेल असं सगळं बदलून सांगते. आल्या दिवसापासून तो पलंगाखाली झोपायचा, तेही पायात चपला घालून. दाराची कडी वाजली की अंग चोरून घ्यायचा. बाप दारू पिऊन आला की आतून कडी लावायचा आणि मग मार सुरू व्हायचा, हे आम्हाला पुष्कळ उशिरा कळलं. तिथल्या गृहमातेला सगळी मुलं मासी म्हणत. मासीने त्याला ओढून पलंगावर आणलं नाही. पलंगाखाली चटई सरकवली, पांघरूण दिलं आणि स्वतःचं अंथरूण पलंगाला लागून टाकलं. आठवड्याभरात आम्ही झोपायच्या खोलीच्या दाराची कडी काढून तिथे जाड पडदा लावला. (मुलींच्या घरात न्हाणीघराची आतली कडी मात्र कधी काढू नका. जिला कुणी कोंडलं आहे, तिला आपल्या हाताने लावता येणारी कडी लागते.) तिसऱ्या आठवड्यात त्याने एक चप्पल काढून झोपायला सुरुवात केली. दुसरी निघायला आणखी पंधरा दिवस गेले.

त्याच सुमाराला एका परदेशी संस्थेच्या मानसोपचारतज्ज्ञ दोन आठवड्यांसाठी आल्या. बाई मनापासून काम करणाऱ्या, आपल्या विषयात पक्क्या. चित्रं आणि बाहुल्या घेऊन बसल्यावर त्या मुलाने त्यांच्यापुढे बरंच काही उघड केलं. आम्ही सगळे आनंदलो. पंधराव्या दिवशी त्या परत गेल्या. मग महिनाभर हा रोज अंथरूण ओलं करत होता, एकदा खिडकीच्या काचेवर हात आपटून घेतला, आणि चपला पुन्हा पायात आल्या. दोष त्यांचा नव्हता. त्या बैठकांचं वेळापत्रक मी आखलं होतं. जखम उघडायची तर ती भरेपर्यंत बसणारं माणूस आधी ठरवायला हवं, हे मी केलं नव्हतं.

शास्त्रही हेच सांगतं. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ मध्ये आघातातून सावरण्याचे तीन टप्पे मांडले: आधी सुरक्षितता, मग आठवणींवरचं काम, मग पुन्हा माणसांत आणि रोजच्या जगण्यात येणं. घटना ताजी असताना एका बैठकीत सगळं बोलायला लावू नका, असं जागतिक आरोग्य संघटनेचं २०१३ चं मार्गदर्शन आहे. मुलांच्या आघातासाठी सर्वांत जास्त अभ्यासल्या गेलेल्या उपचारपद्धतीत साधारण १२ ते १६ बैठका असतात, आणि मुलाला सांभाळणारी मोठी व्यक्ती त्यात बरोबरीने असावी लागते. घरी राहणाऱ्या मुलासाठी ती व्यक्ती आई किंवा आजी असते. निवासी घरात ती गृहमाता. म्हणजे तज्ज्ञाचं कामसुद्धा तिच्याशिवाय सुरू होत नाही.

दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमध्ये शहरांतून हलवलेल्या मुलांपैकी जी कुणाच्या घरी टिकत नव्हती, त्यांच्यासाठी ऑक्सफर्डशायरमध्ये वसतिगृहं काढली होती. ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट तिथे आठवड्यातून एकदा जात. पुढे आयुष्याच्या अखेरीस त्यांनी कबूल केलं की मुलांना बरं करण्याचं काम त्यांच्या विवेचनापेक्षा तिथल्या भिंती, छप्पर, स्वयंपाकीण, वेळेवर पानात पडणारं जेवण आणि पुरेसं उबदार पांघरूण यांनी केलं. एवढा मोठा माणूस हे म्हणतो, तेव्हा आपण मासीच्या पगाराकडे नीट बघायला हवं.

तर आता पगाराचा आणि माणसांचा हिशेब. समजा एका घरात ८ मुलं आहेत. मुलं जागी असतानाच्या १६ तासांत दोन माणसं हवीत, रात्रीच्या ८ तासांत एक जागं माणूस हवं. आठवड्याचे तास झाले २२४ अधिक ५६, म्हणजे २८०. एक माणूस आठवड्याला ४८ तास काम करतं असं धरलं तर सहा माणसं लागतात. रजा, आजारपण, घरातली लग्नकार्यं धरून सात. स्वयंपाक, सफाई, अधीक्षक आणि समुपदेशक यांच्याखेरीज सात. तुमच्या ४० मुलांसाठी अशी पाच घरं आणि ३५ माणसं झाली. बडोद्यात अशी ३५ माणसं एकदम निवडणं, शिकवणं आणि टिकवणं मला आज, एवढ्या ओळखी असूनही, जमणार नाही. ८ मुलांपासून सुरुवात करा. त्या घरातली माणसं दोन वर्षं टिकली, तर दुसऱ्या घराचा विचार करा.

सरकारी नियमांत बसलं म्हणजे झालं, असं इथे धरून चालू नका. २०१६ च्या केंद्रीय नमुना नियमांत ५० मुलांच्या संस्थेसाठी प्रत्येकी २५ मुलांच्या दोन झोपायच्या खोल्या आणि मुलामागे ४० चौरस फूट जागा असा हिशेब आहे. मूल उघड्यावर राहू नये यासाठी तो ठीक आहे. पण २५ मुलांच्या खोलीत एक मूल रात्री ओरडलं की पाच-सहा जण आपापल्या भीतीने जागे होतात, आणि रात्रीची एकटी बाई सगळ्यांना गप्प करण्याच्या मागे लागते. "चूप बैस" हे शब्द तिथूनच येतात. तिच्या स्वभावाला दोष देऊन उपयोग नाही.

मग डच मित्रांनी करायचं काय? माझ्या मते त्यांची सर्वांत मोलाची मदत पैशाचीही नाही, आणि इथे येऊन मुलांवर उपचार करण्याचीही नाही. दर पंधरा दिवसांनी, ठरलेल्या वेळी, किमान तीन वर्षं, गृहमातांसोबत स्क्रीनवर बसणं, ही ती मदत. दुपारी अडीचला मुलं शाळेत असतात. तिकडे तेव्हा उन्हाळ्यात सकाळचे अकरा आणि हिवाळ्यात दहा वाजलेले असतात, म्हणजे दोघांच्याही सोयीचं. या बैठकीत मासी सांगते, "आज त्याने माझ्या अंगावर ताट फेकलं." अशा वेळी मुलाचं निदान करत बसायचं नसतं. त्या क्षणी मासीच्या पोटात काय झालं, तिचा हात उचलला गेला होता का, आणि ताट फेकण्याआधीच्या दहा मिनिटांत काय घडलं, हे हळूहळू उलगडायचं असतं. एकदा अशाच बैठकीत एक गृहमाता बराच वेळ गप्प राहून म्हणाली, "माझ्या बापानेही ताट फेकलं होतं, आईवर." त्यानंतर त्या मुलाशी तिचं वागणं बदलायला कुठल्याही प्रशिक्षणाची गरज पडली नाही. इथल्या संस्थांमध्ये हे देखरेखीचं, आधाराचं काम जवळजवळ होतच नाही, कारण त्यासाठी वेळ आणि माणूस दोन्ही नसतात. युरोपात त्याची जुनी शिस्त आहे. ती मागून घ्या.

बैठकीत मध्ये एक गुजराती आणि हिंदी येणारी मानसशास्त्रज्ञ हवीच, आणि ती तुमच्या पगारावर हवी. भाषेचा मुद्दा लोक हलका धरतात. एका प्रश्नावलीत भावना बधिर होण्याबद्दल विचारलं होतं. दुभाष्याने भाषांतर केलं, मुलगी म्हणाली "रोज", आणि कागदावर गंभीर लक्षण म्हणून नोंद झाली. नंतर मी निवांत विचारलं तेव्हा कळलं, तिला वाटलं होतं पायाला मुंग्या येतात का असं विचारताहेत. तीच मुलगी "पेटमां गभरामण थाय" (पोटात कासावीस होतं) असं दिवसातून तीनदा म्हणायची, ते मात्र कुठल्याच रकान्यात बसलं नव्हतं. छोटा उदेपूरकडची राठवा आदिवासी मुलं आली तर त्यांची बोली वेगळी, मराठी घरातली आली तर वेगळी. मूल ज्या भाषेत रडतं, ती भाषा येणारं माणूस रात्री घरात हवं. प्रशिक्षणासाठी सगळं परदेशातून आणायचीही गरज नाही. बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेत केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाचा 'संवाद' हा उपक्रम २०२० पासून चालतो, तो बालगृहांत काम करणाऱ्यांसाठीही आहे.

इथे मला नेहमी कोल्हापूरजवळच्या वळिवड्याची आठवण येते. माझं आजोळ कोल्हापूरचं. दुसऱ्या महायुद्धात सायबेरियातून सुटलेले सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित १९४३ ते १९४८ या काळात वळिवड्याच्या छावणीत राहिले, बरेचसे बायका आणि मुलं. त्याआधी १९४२ मध्ये आपल्या गुजरातेत, जामनगरजवळ बालाचडीला, तिथले राजे जामसाहेब दिग्विजयसिंहजींनी शेकडो पोलिश मुलांना आसरा दिला होता. दोन्ही ठिकाणी जमीन, छप्पर आणि संरक्षण या देशाचं होतं. पण शिकवणारे, सांभाळणारे, प्रार्थना घेणारे त्या मुलांच्याच भाषेतले होते. आई-बाप गमावलेल्या मुलांसाठी दोन देश एकत्र आले, तेव्हा कामाची वाटणी अशी झाली. तुमच्या बाबतीत बाहेरून येणारी गोष्ट वेगळी आहे, पण मुलाशेजारी कोण झोपणार याचं उत्तर तेच राहतं.

कोणती मुलं घ्यायची, याबद्दल एक आग्रह. सहा वर्षांखालची मुलं घेऊ नका. बुखारेस्टमध्ये २००० साली अमेरिकी संशोधकांनी रुमानियातल्या लोकांसोबत अनाथालयांतल्या १३६ बाळांचा अभ्यास सुरू केला. त्यातली निम्मी मुलं प्रशिक्षित पालक-कुटुंबांकडे दिली गेली. त्यांची बुद्धी, जिव्हाळ्याची नाती, दोन्ही संस्थेत राहिलेल्या मुलांपेक्षा चांगली वाढली, आणि साधारण दोन वर्षांच्या आत कुटुंबात गेलेल्यांना सर्वांत जास्त फायदा झाला. संयुक्त राष्ट्रांची २००९ ची मार्गदर्शक तत्त्वंही तीन वर्षांखालच्या मुलांसाठी कुटुंबच सांगतात. सहाची मर्यादा माझी, माझ्या अनुभवातली. लहानग्यांसाठी मदत करायची असेल तर ती पालक-कुटुंबाला, मावशीला, आजीला करा. केंद्र सरकारच्या मिशन वात्सल्य योजनेत मुलामागे महिना ४,००० रुपये प्रायोजकत्व मिळतं. त्याचे कागद करून द्यायला एक माणूस नेमलंत, तरी कितीतरी मुलं घर सोडून येण्यापासून वाचतील.

आता परवानग्या. २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ४१ खाली नोंदणी झाल्याशिवाय एकही मूल ठेवायचं नाही. नोंदणी पाच वर्षांची असते, आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर राज्य सरकारने ती देताना कलेक्टरांची शिफारस विचारात घ्यावी लागते. मुलं तुम्ही निवडत नाही. याच कायद्याखाली नेमलेल्या जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीच्या आदेशाने ती येतात आणि तिच्याच आदेशाने जातात. कायद्यात 'उपचारात्मक निवास' असा वेगळा प्रकार नाही, त्यामुळे नोंदणी बालगृह म्हणून करावी लागेल. समितीच्या सदस्यांना पहिल्या महिन्यातच भेटा आणि आठच मुलं का, हे समजावून सांगा. नाहीतर जागा रिकामी दिसली की विसावं मूलही येईल, आणि तुम्हाला नाही म्हणवणार नाही.

ट्रस्टच्या उद्देशांत 'मानसिक आजारांवर दाखल करून उपचार' असं लिहिलंत, तर २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा लागू होईल. त्याची नोंदणी वेगळी, अल्पवयीनांना दाखल करण्याच्या अटी वेगळ्या. तुम्हाला दवाखाना काढायचा आहे की घर, हे वकिलाकडे जाण्याआधी ठरवा. मी घर म्हणेन, आणि मानसोपचाराची खरी गरज लागली की सयाजी हॉस्पिटल आहेच.

पैशाच्या बाबतीत एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांवरचा कायदा, नीट समजून घ्या. २०२० पासून परदेशी देणगी दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यावी लागते, ती दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही, आणि प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या आत ठेवावा लागतो. म्हणजे मुंबईच्या एखाद्या नोंदणीकृत ट्रस्टमार्फत बडोद्याला पैसे आणू, हा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. नोंदणीसाठी संस्था किमान तीन वर्षं जुनी आणि तीन वर्षांत १५ लाख रुपये कामावर खर्च केलेली असावी लागते. नव्या संस्थेला एक दाता, एक ठरावीक रक्कम, एक ठरावीक काम यासाठी पूर्वपरवानगी मागता येते. तुमच्यासाठी एक सोपी वाट आहे, जी बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. भारतीय पासपोर्ट असलेल्या व्यक्तीने परदेशातून स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेले पैसे परदेशी देणगी धरले जात नाहीत. परदेशी नागरिक होऊन ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांचं) कार्ड घेतलेल्यांचे धरले जातात. तुम्ही आणि तुमचे भारतीय नागरिक असलेले मित्र मिळून पहिली तीन वर्षं एका लहान घराचा खर्च उचला, आणि तोपर्यंत डच संस्थेने फक्त वेळ द्यावा. गृहमातांचे पगार पहिल्या अंदाजपत्रकापासून थेट कार्यक्रमाच्या खर्चात दाखवा. रुग्णालयातल्या डॉक्टरांचे आणि शाळेतल्या शिक्षकांचे पगार नियमांत प्रशासकीय खर्चातून वगळलेले आहेत, त्याच धर्तीवर. हे सीएकडून तपासून घ्या, या नियमांत बदल होत असतात.

तिकडून कुणी राहायला येणारच असेल, तर पर्यटक व्हिसावर आणू नका. संस्थेत बिनपगारी काम करणाऱ्यांनाही एम्प्लॉयमेंट व्हिसा, त्यावर संस्थेच्या नावाची नोंद, असा नियम आहे. त्यांच्या देशातल्या पोलिसांचं चारित्र्य प्रमाणपत्र मागा, कितीही ओळखीचे असले तरी. आणि सहा महिन्यांपेक्षा कमी राहणाऱ्याने मुलांसोबत एकट्याने वेळ घालवायचा नाही, ही अट घाला. ज्या मुलाला माणसं सोडून जातात हे आधीच माहीत आहे, त्याला आणखी पाच प्रेमळ पाहुणे आणि पाच निरोप देऊ नका.

देणगीदार फोटो मागतील. देऊ नका. कलम ७४ प्रमाणे अशा मुलाची ओळख उघड होईल असं काहीही प्रसिद्ध करणं गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. चेहरा धूसर केला तरी गणवेश, गल्ली, हातावरचं गोंदण यांवरून गावातले लोक ओळखतात. त्याऐवजी दर तिमाहीला किती गृहमाता टिकल्या, किती मुलं शाळेत नियमित गेली, किती जणांच्या घरच्या भेटी झाल्या, एवढं लिहून पाठवा. ज्याला खरी आस्था आहे तो दाता एवढ्यावर थांबतो. मी असे दाते पाहिले आहेत.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर आहेत आणि त्या मला इथून ठरवता येणार नाहीत. पादरा रोडची जमीन शाळा, बस आणि दवाखान्यापासून किती लांब आहे? आडबाजूला असेल तर रात्रपाळीची बाई टिकणार नाही. मग ती जमीन राहू द्या आणि कारेलीबाग किंवा मांजलपूरकडे एखादं बैठं घर भाड्याने घ्या. जमीन अजून शेतीची असेल तर बिनखेती करून घेण्यातच बरेच महिने जातील. आणि सर्वांत महत्त्वाचं, तुमच्यापैकी कुणी एक जण बडोद्यात राहायला येणार आहे का? कुणीच येणार नसेल, तर नवं घर काढू नका. शहरात आधीच नोंदणी असलेली, बरं काम करणारी बालगृहं आहेत. त्यांच्यापैकी एकाबरोबर आठ मुलांचं वेगळं घर, जादा गृहमाता आणि ती पंधरवड्याची बैठक, एवढं उभं करा. त्यात तुमचं नाव कुठे लागणार नाही. मुलांना मात्र ते दोन वर्षं आधी मिळेल.

तो पलंगाखालचा मुलगा चौदा महिन्यांनी त्याच्या काकूकडे गेला. बाल कल्याण समितीच्या आदेशाआधी काकू दर रविवारी येत होती, नंतर शनिवारी रात्री राहायलाही लागली, मासीच्या शेजारी अंथरूण घालून. घरी न्यायच्या आधी तिने मला विचारलं, "दाराची कडी मीही काढून टाकू का?" आम्ही तिच्या घरी जाऊन पाहिलं. बाहेरच्या दाराची ठेवली, आतल्या खोलीची काढली.

डिसेंबरमध्ये बडोद्याला येणार असाल तर येताना जमिनीचा सातबारा आणि डच संस्थेचं एक पत्र आणा. तिकडचा कोणता तज्ज्ञ, कोणत्या वारी, किती वर्षं बैठकीला बसणार, एवढंच त्यात असू दे. मी एक दिवस ठेवते. दोन गृहमातांनाही बोलावते, कारण या कामाबद्दल त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं.